वीज परत आली, पण पावती उमटेना

(वीजपुरवठ्यातील बिघाडानंतर सीरियल प्रिंटरची जोडणी तपासण्याची रीत)

बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांच्या ग्रामीण जीवनात गेल्या पंचवीस वर्षांत एक मोठे, परंतु फारसा गाजावाजा न होता घडून आलेले स्थित्यंतर म्हणजे यंत्राने छापलेल्या कागदाचे आगमन होय. कर्नाटक शासनाच्या 'भूमी' योजनेखाली या शतकाच्या आरंभी जमिनीचे अभिलेख संगणकावर आले आणि हस्तलिखित उताऱ्याची जागा छापील पहाणीने घेतली. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्या तुरीचे पोते काट्यावर चढले की त्याच्या वजनाची चिठ्ठीही आता पुष्कळ ठिकाणी छापूनच हाती पडते. भालकी, हुमनाबाद, आळंद या भागांतील उसाची गाडी काट्यावर उभी राहते, तिचेही तसेच. आणि दररोज सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर किटली रिती करून घरी परतणाऱ्या बायाबापड्यांच्या हातात असतो तो कागदाचा एक चिटोरा: दुधाचे माप, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम.

हा चिटोरा क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. मापात वा दरात काही चूक झाली, तर दूध घालणाऱ्यापाशी तोच एकमेव पुरावा असतो. दहा दिवसांनी वा पंधरा दिवसांनी जेव्हा हिशेब होतो, तेव्हा संस्थेच्या वहीतील आकड्याशी ताडून पाहण्यास त्याच्याजवळ दुसरे काही नसते. म्हणूनच प्रिंटर बंद पडणे हा निव्वळ यंत्राचा बिघाड राहत नाही. तो गावच्या विश्वासाचा प्रश्न होऊन बसतो.

वैशाख-ज्येष्ठात वळवाचा पाऊस ढगांच्या गडगडाटासह कोसळतो, वीज जाते, तासा-दोन तासांनी परत येते. दिवे लागतात, पंखा फिरू लागतो, संगणकाचा पडदा उजळतो. पण पावती मात्र उमटत नाही. कधी प्रिंटर मुका बसतो, तर कधी न वाचता येणाऱ्या चिन्हांच्या ओळीच्या ओळी ओकत सुटतो. मग शहरातून कारागीर येईपर्यंत दोन-चार दिवस काम खोळंबते. अशा प्रसंगी पुष्कळदा यंत्र जळालेले नसते; संगणक आणि प्रिंटर यांच्यातील संभाषण तेवढे तुटलेले असते. ते का तुटते आणि क्रमाक्रमाने तपासून पूर्ववत कसे जोडावे, हे सोप्या शब्दांत सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुनी जोडणी अजून का टिकून आहे?

संगणक व प्रिंटर जोडण्याच्या अनेक पद्धती आहेत. घरगुती संगणकांत १९९६ नंतर यूएसबी ही पद्धत आली व आज तीच सर्वत्र दिसते. परंतु वजनकाट्याचा दर्शक, दूध तपासणीचे यंत्र, पासबुक छापणारा प्रिंटर अशा कामाच्या यंत्रांत त्याहून कितीतरी जुनी 'सीरियल' जोडणी अद्याप वापरात आहे. तिचे प्रमाणक आरएस-२३२ या नावाने अमेरिकेत १९६० साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि १९६९ च्या सुधारित आवृत्तीमुळे ते जगभर रूढ झाले. साठ वर्षांहून अधिक काळ ही पद्धत टिकली याचे कारण तिचा साधेपणा होय. दोन-चार तारांत तिचे काम भागते, सुमारे १५ मीटर लांबीपर्यंतची केबल तिला चालते आणि ती दुरुस्त करण्यास मोठ्या कारखान्याची गरज भासत नाही.

ही जोडणी ओळखणे अवघड नाही. संगणकाच्या मागील बाजूस नऊ बारीक पिनांचे, इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे जे तोंड असते, तोच सीरियल पोर्ट. जुन्या प्रिंटरांवर याच आकाराचे, परंतु पंचवीस पिनांचे तोंड असते. केबलच्या दोन्ही बाजूंस घट्ट बसविण्यासाठी दोन-दोन स्क्रू असतात. नव्या संगणकांत असे तोंडच नसेल, तर यूएसबीच्या भोकात बसणारा एक छोटा परिवर्तक लावून त्याच्या दुसऱ्या टोकाला ही केबल जोडतात. या परिवर्तकाविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगावे लागेल. कारण अनेक घोटाळ्यांचे मूळ तेथेच असते.

श्रुतलेखनाचा दाखला

'सीरियल' याचा अर्थ एकामागून एक. अरुंद पांदीतून बैलगाड्या जशा एकीमागून एक जातात, त्याप्रमाणे या पद्धतीत एका तारेतून अक्षराचे तुकडे रांगेने जातात. हे समजण्यास शाळेतील श्रुतलेखनासारखा दुसरा दाखला नाही. गुरुजी मजकूर सांगतात आणि विद्यार्थी लिहून घेतो. येथे संगणक हा गुरुजी आणि प्रिंटर हा विद्यार्थी.

श्रुतलेखन नीट पार पडण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, गुरुजींचा सांगण्याचा वेग आणि विद्यार्थ्याचा ऐकण्याचा वेग एकच हवा. या वेगाला 'बॉड रेट' असे म्हणतात. तो बहुधा ९६०० असतो. काही यंत्रांत २४००, ४८०० वा १९,२०० असाही असतो. दुसरी, शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याविषयी दोघांचे एकमत हवे. त्यासाठी प्रत्येक अक्षराचे तुकडे किती, पडताळ्याचा तुकडा आहे की नाही आणि अखेरीचे चिन्ह किती, हे आधी ठरलेले असते. 'आठ, नाही, एक' ही सर्वांत प्रचलित ठेवण होय. तिसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थी मागे पडल्यास त्याला "गुरुजी, थांबा" असे म्हणता आले पाहिजे.

ही तिसरी गोष्ट किती महत्त्वाची, हे साध्या हिशेबाने कळेल. ९६०० या वेगाने व वरील ठेवणीत एका अक्षरास दहा तुकडे लागतात. म्हणजे संगणक एका सेकंदात ९६० अक्षरे पाठवू शकतो. सर्वसाधारण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र सेकंदाला दोन-तीनशे अक्षरेच कागदावर ठोकू शकतो. राहिलेली अक्षरे तो आपल्या छोट्याशा साठवणीत ठेवतो आणि ती भरत आली की वेगळ्या तारेवरून, किंवा ठराविक चिन्ह पाठवून, संगणकास थांबण्याची खूण करतो. ही खूण पोचली नाही तर मधला मजकूर सांडतो. उलटपक्षी, 'थांबा' ही खूण अडकून राहिली, तर संगणक बिचारा थांबूनच राहतो आणि प्रिंटर गप्प बसतो.

दोन विजा, एकच नाव

आपल्या भाषेत आकाशातून कडाडते तीही वीज आणि तारेतून घरात येते तीही वीजच. या दोन विजांमुळे होणारे बिघाड मात्र निरनिराळे असतात आणि ते वेगळे ओळखणे हे निदानातील पहिले पाऊल होय.

पहिला प्रकार साधा: पुरवठा खंडित होतो व पुन्हा सुरू होतो. यात यंत्र जळत नाही, पण त्याच्या स्मरणातील गोष्टी पुसल्या जातात. छपाई अर्ध्यावर असताना वीज गेली तर अर्धवट राहिलेले काम संगणकाच्या रांगेत अडकून पडते व पुढील सर्व पावत्या त्याच्या मागे खोळंबतात. संगणकाच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपलेला असल्यास वीज जाताच संगणक तारीख विसरतो व त्याबरोबर काही यंत्रांत सीरियल पोर्टची ठेवणही बदलते. वीज आल्यानंतरच्या पावतीवर जुनीच कुठली तरी तारीख दिसू लागली, तर सेल संपल्याचे ते स्पष्ट लक्षण समजावे. ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. आजचे दूध चुकीच्या तारखेस मांडले गेले तर साऱ्या पंधरवड्याचा हिशेब बिघडतो.

दुसरा प्रकार दाबाच्या चढउताराचा. वीज परत येताच डीपीवरील मोटारी, पिठाच्या गिरण्या एकदम सुरू होतात आणि पहिली काही मिनिटे दाब स्थिर नसतो. याहून घातक म्हणजे न्यूट्रल तार तुटणे. तसे झाल्यास काही घरांतील दिवे मंद होतात, तर काहींतील नको तितके प्रखर होतात. कारण तेथील दाब २३० व्होल्टऐवजी चारशेच्या दिशेने चढू लागतो. असे दिसताच मुख्य खटका बंद करावा व लाइनमनला कळवावे. अशा वेळी बहुधा यंत्राचा फ्यूज वा वीजपुरवठ्याचा भाग जळतो.

तिसरा प्रकार आकाशातील विजेचा. ती प्रत्यक्ष केंद्रावरच पडली पाहिजे असे नाही. जवळपास कोठेही पडली तरी तेथील जमिनीचा विद्युत् दाब क्षणभर प्रचंड वाढतो. संगणक एका भिंतीवरील सॉकेटला आणि प्रिंटर वा दूध तपासणी यंत्र दुसऱ्या खोलीतील सॉकेटला जोडलेले असेल, तर त्या दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो भरून काढण्यास विजेला वाट सापडते ती नेमकी या दोघांना जोडणाऱ्या सीरियल केबलची. तीन ते पंधरा व्होल्टच्या संदेशासाठी बनविलेली पोर्टमागची इवलीशी चिप या लोंढ्यापुढे टिकत नाही. संगणक चालू, प्रिंटर चालू, आणि दोघांत बोलणे नाही, असे चित्र मग दिसते. वरून यंत्र सुस्थितीत भासते म्हणून पुष्कळजण बुचकळ्यात पडतात.

तपासणीच्या पाच पायऱ्या

तपासणीस हात घालण्यापूर्वी तीन नियम ध्यानी ठेवावेत. बाहेर गडगडाट चालू असेतोवर कोणत्याही तारेस हात लावू नये. केबल काढताना व लावताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहावा व कागदावर टिपून ठेवावा. घाईने चार बदल एकदम केले, तर गुण कशाने आला तेही कळत नाही आणि मूळची बरोबर असलेली ठेवण बिघडते ती निराळीच.

पहिली पायरी: क्रमाने सुरुवात. वीज आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून दाब स्थिर होऊ द्यावा. नंतर संगणक व प्रिंटर दोन्ही पूर्ण बंद करून मिनिटभर तसेच ठेवावे. मग आधी प्रिंटर चालू करावा, त्यात कागद नीट बसला आहे व तयारीचा दिवा लागला आहे असे पाहावे आणि त्यानंतरच संगणक सुरू करावा. संगणकाच्या छपाई-रांगेत अडकलेले जुने काम असल्यास ते रद्द करावे व प्रिंटरसमोर 'थांबविलेला' वा 'ऑफलाइन' अशी खूण राहिली असल्यास ती काढावी. अनेक तक्रारी या पहिल्याच पायरीवर संपतात.

दुसरी पायरी: प्रिंटरची स्वतःची परीक्षा. प्रिंटर बंद करून त्याची सीरियल केबल काढून घ्यावी. बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत कागद सरकविण्याचे 'लाइन फीड' बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला, की तो संगणकाच्या मदतीशिवाय अक्षरांच्या ओळी छापतो. त्या स्वच्छ उमटल्या तर प्रिंटरची मोटार, सुया, रिबन व वीजपुरवठा ठीक आहे. दोष संभाषणात आहे. काहीच उमटले नाही आणि दिवाही लागला नाही, तर मात्र फ्यूज व वीजपुरवठा पाहावा. तो भाग उघडणे हे जाणकाराचे काम आहे. तेथे हौशी हात घालू नये.

पुष्कळ प्रिंटर या परीक्षेच्या वेळी किंवा दुसऱ्या एखाद्या बटणाने आपली वेगाची व ठेवणीची माहितीही छापून देतात. तो कागद जपून ठेवावा. चौथ्या पायरीवर त्याचा उपयोग होतो.

तिसरी पायरी: केबल. दोन्ही टोकांचे स्क्रू घट्ट आहेत का, एखादी पिन वाकली वा आत गेली आहे का, मध्येच उंदराने तार कुरतडली आहे का, हे उजेडात नीट पाहावे. येथे एक सावधगिरीची सूचना आहे. शेजारच्या कार्यालयातून दिसायला तशीच केबल उसनी आणून लावण्याचा मोह होतो. परंतु सीरियल केबली बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून सारख्या नसतात. काहींत तारा सरळ गेलेल्या असतात, काहींत बोलण्याची व ऐकण्याची तार परस्परांत उलट केलेली असते, तर काहींत 'थांबा' सांगणारी तारच नसते. म्हणून उसन्या केबलने काम झाले नाही, एवढ्यावरून पोर्ट जळाला असा निष्कर्ष काढू नये.

चौथी पायरी: आकड्यांचा मेळ. प्रिंटरने छापून दिलेला वेग व ठेवण आणि संगणकाच्या कार्यक्रमात लिहिलेला वेग व ठेवण शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहावी. जुन्या प्रिंटरांत हे आकडे बारीक खटक्यांनी ठरविलेले असतात व वीज गेल्याने ते बदलत नाहीत. नव्या प्रिंटरांत ते स्मृतीत असतात आणि क्वचित कारखान्याच्या मूळ आकड्यांवर परत जातात. दोहोंपैकी एकही आकडा जुळत नसेल तर छपाई बिघडते.

याच पायरीवर पोर्टचे नावही पाहावे. संगणक प्रत्येक सीरियल पोर्टला 'कॉम १', 'कॉम ३' असा क्रमांक देतो. यूएसबी परिवर्तक वादळाच्या भीतीने काढून पुन्हा लावताना शेजारच्या भोकात बसविला, तर त्याला नवा क्रमांक मिळू शकतो. कार्यक्रम मात्र जुन्याच क्रमांकाच्या दारात हाका मारीत राहतो. सीमाभागातील एका संकलन केंद्रावर नेमके हेच घडल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. तेथे तीन दिवस पावती निघाली नव्हती. दुसऱ्या संस्थेचा प्रिंटर आणून लावला, तोही मुकाच. 'यंत्र मुद्दाम बंद ठेवले आहे' अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. अखेरीस तेथील एका शिक्षकाने परिवर्तक मूळच्या भोकात परत बसविला आणि पहिलीच पावती सरळ उमटली. खर्च काही आला नाही. पण तीन दिवसांत जो संशय निर्माण झाला, तो निवळण्यास त्याहून अधिक काळ लागला.

पाचवी पायरी: पोर्ट जिवंत आहे की नाही? यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. संगणक चालू ठेवून, केबल काढलेल्या नऊ पिनांच्या पोर्टवर ३ क्रमांकाची पिन व ५ क्रमांकाची पिन यांमधील डीसी दाब मोजावा. ३ ही संगणकाची बोलण्याची आणि ५ ही सामाईक जमिनीची पिन होय. मीटरचा काळा टोकदार भाग ५ वर व तांबडा ३ वर ठेवला असता, काहीही छापले जात नसताना, सुमारे उणे पाच ते उणे बारा व्होल्ट असा आकडा दिसला पाहिजे. उणे चिन्ह पाहून दचकू नये. स्वस्थ बसलेल्या पोर्टची तीच खूण आहे. आकडा शून्याच्या आसपास असल्यास एकतर पोर्ट बंद करून ठेवला आहे किंवा त्याची चिप गेली आहे.

दुसरी चाचणी अशी की २ व ३ या पिना तारेच्या बारीक तुकड्याने जोडाव्यात आणि टर्मिनलच्या कार्यक्रमात, 'थांबा' खुणेची अट काढून, काही अक्षरे टंकावीत. पडद्यावर तीच अक्षरे परत आली, तर संगणक आपलेच बोलणे ऐकतो आहे, म्हणजे त्याचे तोंड व कान दोन्ही शाबूत आहेत. मग दोष केबलीत वा प्रिंटरच्या बाजूस शोधावा. तार काढताच अक्षरे येणे बंद झाले पाहिजे, हेही पाहून घ्यावे. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेतील विद्यार्थी ही दोन्ही कामे सहज करू शकतील.

कागद काय सांगतो?

अनुभवी वैद्य जसा नाडीवरून रोग ओळखतो, तसे उमटलेल्या कागदावरूनही बरेच कळते. सर्वच मजकूर विचित्र चिन्हांचा असेल तर वेग वा ठेवण जुळत नाही. लहान पावत्या बरोबर येतात, पण पंधरवड्याचा लांब तक्ता मात्र मध्येच अक्षरे व ओळी गाळतो, असे असेल तर 'थांबा' ही खूण पोचत नाही. केबलीतील ती तार तुटली आहे वा कार्यक्रमात तिची अट निघून गेली आहे. पडद्यावर छपाई झाल्याचे दिसते पण प्रिंटरला पत्ताच नाही, तर पोर्टचा क्रमांक चुकला आहे किंवा बोलण्याची तार वा चिप निकामी झाली आहे.

या भागाच्या दृष्टीने आणखी एक लक्षण सांगितले पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि आजही येथे कन्नड, मराठी व उर्दू या भाषा शेजारी-शेजारी नांदतात. काही केंद्रांत पावतीवरील मजकूर कन्नड वा देवनागरी लिपीत असतो. काही प्रिंटरांत या लिपीच्या अक्षरांचे वळण संगणकाकडून पाठविलेले असते व ते तात्पुरत्या स्मृतीत राहते. वीज जाताच ते पुसले जाते. त्यामुळे आकडे बरोबर उमटतात, पण नावे व शब्द मात्र भलत्याच चिन्हांत येतात. अशा वेळी वेगाच्या आकड्यांना हात न लावता संगणकातील कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू करावा. म्हणजे अक्षरांचे वळण प्रिंटरकडे नव्याने जाते.

प्रिंटर बंद असताना हिशेब

पाचही पायऱ्या करून उपयोग झाला नाही, तर कारागिराला बोलवावे. परंतु 'प्रिंटर चालत नाही' एवढेच न सांगता, स्वपरीक्षेत काय उमटले, कोणते आकडे होते, मीटरने काय दाखविले, हे टिपण वाचून दाखवावे. त्यामुळे तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येईल व एक फेरी वाचेल. संगणकाचा पोर्ट जळाला असल्यास सबंध संगणक बदलण्याची गरज नसते. स्वतंत्र कार्ड वा परिवर्तक लावून काम भागते.

तोपर्यंत पावती थांबता कामा नये. प्रत्येक केंद्रावर कार्बन लावून दोन प्रती निघणारे पावतीपुस्तक नेहमी ठेवावे व माप, फॅट, एसएनएफ हे आकडे हाताने लिहून, सही करून द्यावेत. दूध तपासणीचे यंत्रच बंद असल्यास गर्बर पद्धतीने फॅट काढण्याचे साहित्य हाताशी असावे.

प्रिंटर सुरू झाल्यावर एक धोका संभवतो. रांगेत अडकलेल्या जुन्या पावत्या एकदम छापून बाहेर पडतात आणि एकाच दुधाच्या दोन पावत्या, एक हस्तलिखित व एक छापील, अस्तित्वात येतात. म्हणून रांग आधी रिकामी करावी. तरीही निघालेल्या पावत्यांवर 'रद्द' असे लिहून त्या संस्थेच्या दप्तरी ठेवाव्यात. हस्तलिखित आकडे संगणकात भरताना दोन सदस्य समोर बसवावेत. दूध घालणाऱ्यांनीही त्या दिवसांच्या पावत्या हिशेब होईपर्यंत फाडून टाकू नयेत.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

संगणक, प्रिंटर, काटा व तपासणी यंत्र ही सीरियल केबलीने परस्परांस जोडलेली सारी यंत्रे एकाच बोर्डावरून व एकाच अर्थिंगवर चालवावीत. दोन अर्थिंगमधील फरकच केबलीत विजेला ओढून आणतो, हे वर पाहिलेच. बोर्डाला यूपीएस असावा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालण्याची आपल्याकडील रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडतो आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत येतात. म्हणून चैत्रापासून त्यात नियमाने पाणी घालावे.

आभाळ भरून आले की काम आटोपून यंत्रांचे प्लग तर काढावेतच, पण सीरियल केबलही काढून ठेवावी. पुष्कळजण प्लग काढतात व केबल तशीच ठेवतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन आसपास विजा पडण्याचा इशारा देते. ते केंद्रचालकाच्या फोनवर असावे. त्याचा उपयोग यंत्रापेक्षा माणसाच्या जिवासाठी अधिक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

सर्वांत स्वस्त उपाय शेवटी सांगतो. सर्व काही सुरळीत चालू असेल त्या दिवशी प्रिंटरच्या स्वपरीक्षेचा कागद काढावा. त्याखाली वेग, ठेवण, पोर्टचा क्रमांक आणि परिवर्तक कोणत्या भोकात आहे, हे कन्नड व मराठीत लिहावे आणि तो कागद भिंतीवर चिकटवावा. भोकाजवळ रंगाचा एक ठिपका द्यावा. एका केंद्रास यापेक्षा अधिक खर्चाची गरज नाही.

केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेद्वारे मान्यता दिली. म्हणजे छापील पावती येत्या काळात आणखी गावांत, आणखी हातांत पोचणार आहे. या यंत्रांची देखभाल सर्वस्वी शहरातील कारागिरावर सोपवून चालणार नाही. संस्थेचे सचिव, शाळेतील विज्ञान शिक्षक व आयटीआयमधील तरुण यांनी मिळून वर्षातून एकदा, वळवापूर्वी, या पाच पायऱ्यांची उजळणी करावी. मग पहाटे उठून धार काढून आलेल्या माउलीस, रात्री कितीही गडगडाट झालेला असला तरी, "पावती उद्या देऊ" असे सांगण्याची वेळ येणार नाही.